चार खोल्यांचा एक कॉम्प्युटर

मी, सत्यवती बाळकृष्ण परतूरकर, वय एकाहत्तर, व्यवसाय वकिली, राहणार नल्लकुंटा, हैदराबाद, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझी उलटतपासणी घेऊन पाहावी. दबाव आणण्याचे प्रयत्न चिरंजीव किशोर यांनी केले, ते निष्फळ ठरले. यापूर्वीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर व ठेवी किशोर आणि सून भाग्यलक्ष्मी यांना समसमान. खलबत्ता मात्र एकट्या सुनेचा. गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, चटणी ती वाटते, किशोर नुसती चाटतो.

२. कॉम्प्युटर. हे कलम लांब आहे, कारण भांडण याच्यावरूनच होणार.

माझ्या एकाच कॉम्प्युटरमध्ये चार वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम आहेत. एकीचा दुसरीशी संबंध नाही. प्रत्येकीला वाटते, घरात आपण एकटीच. ओळखायला प्रत्येकीच्या खिडकीला वेगळी किनार दिली आहे. हिरवी बँकेची, निळी कोर्टाच्या कामाची, लाल आल्यागेल्यांची. चौथी, काळी, इंटरनेटला कधीच जोडलेली नाही. तिच्यात माझ्या अशिलांचे कागद आहेत: घर सोडून आलेल्या बायकांचे अर्ज आणि त्यांचे आताचे पत्ते.

किशोर म्हणतो, "आई, सगळं एकात टाक ना. दर वेळी नवा पासवर्ड, परेशान झालो मी." माझ्या सासूबाई लोणच्याच्या बरणीला ओला चमचा लागू देत नसत. तेवढीच ही गोष्ट आहे, पण ज्याचे करावे बरे तो म्हणतो माझेच खरे.

३. धाकटे दीर विजयभावजी. दोन वर्षांपूर्वी माझी अशील रेणू हिचा नवरा तिचा पत्ता शोधत शहरभर फिरत होता. त्याच सुमारास मला अनोळखी ईमेलवरून एक लग्नपत्रिका आली. मी ती लाल किनारीतच ठेवली होती, उघडली नव्हती. चहाला आलेल्या भावजींनी बसल्याबसल्या उघडली. आमच्या माणसांना पत्रिका न उघडणे म्हणजे यजमानाचा अपमान वाटतो. यजमान कोण, हे मागाहून पाहायचे. "वहिनी, पत्रिका आहे हो, बॉम्ब थोडाच आहे? तुमचा तर हर चीज पे शक!"

तेवढ्यात भाग्यलक्ष्मी ओरडली (सासूला ती तेलुगूत अत्तय्या म्हणते), "अत्तय्या, फाइली आपोआप उघडताहेत!"

पत्रिकेत दडलेला चोर एकेक फाइल चाळत होता. पण तो लाल किनारीत अडकला होता, आणि तिथे त्याला भावजींची रेल्वेची तिकिटे आणि बिर्याणीच्या कृती मिळाल्या. भाग्यलक्ष्मीने ती अख्खी सिस्टिम पुसून चहा निवायच्या आत नवी उभी केली. काळ्या किनारीला धक्का लागला नाही. पत्रिका कोणी पाठवली हे सिद्ध झालेले नाही, म्हणून नाव लिहीत नाही. रेणूचा पत्ता माझ्या घरातून गेला असता, तर मला पुन्हा कोर्टाची पायरी चढवली नसती.

भावजींना माझी आरामखुर्ची देते. ती कॉम्प्युटरपासून लांब ठेवावी.

४. कॉम्प्युटर भाग्यलक्ष्मीचा. ती माझ्याच हाताखाली वकिली शिकली, आणि आता माझ्याहून बरी करते. काळ्या किनारीतले कागद माझी मालमत्ता नाहीत. ज्या बाईची संमती असेल तिचे काम सुनेने पुढे चालवावे; नसेल तिची फाइल तिच्या हाती देऊन इथली पुसावी. चारही सिस्टिम एक करू नयेत. किशोरने हट्ट धरल्यास त्याला लोणच्याची बरणी दाखवावी.

५. रेणूला मी काही देत नाही. आकस नाही, साक्षीदाराला काही दिले की कोर्टात त्याच्या साक्षीवर बोट ठेवतात, आणि साक्षीदार मला तीच हवी. गेल्या महिन्यात तिचा घटस्फोट मंजूर झाला, आणि नवऱ्याने तिच्या वाटेला न जाण्याची हमी कोर्टात लिहून दिली. सुलतान बाजारात तिचे शिलाईचे दुकान आहे, पाटीवर तिचेच नाव. मी म्हटले, "सहीखाली दुकानाचा पत्ता लिही, चालेल." ती म्हणाली, "नक्को मॅडम, घराचाच लिहिते. तुमच्या काळ्या खोलीत किती दिवस राहू?" मला रडू आले, ते इथे नोंदवते.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि साक्षीदारांसमोर सही केली.

हैदराबाद, ता. ९ फेब्रुवारी २०२५
(सही) सत्यवती बाळकृष्ण परतूरकर

साक्षीदार:
१. (सही) कुसुमताई जोगदंड, शेजारीण, नल्लकुंटा
२. (सही) रेणू आबासाहेब कदम. राहणार: दुसरा मजला, रेल्वे क्वार्टर्सच्या मागची गल्ली, तारनाका, हैदराबाद. कधीही या.