आप्पांचा पांढरा

११ मार्च

डॉक्टर म्हणाले, आप्पांचा मोतीबिंदू पूर्ण पिकलाय. आता थांबून चालणार नाही.

आई म्हणाली, "जपून करा हो. एकच आहे."

"दोन असते तरी जपूनच केलं असतं," डॉक्टर म्हणाले. आई ओशाळली. मला हसू आलं, आणि ते आवरता आवरता डोळ्यांत पाणी.

आप्पांचा डावा डोळा लहानपणीच गेला. बोटीचा पत्रा खरवडताना गंजाची कपची उडाली होती. उरलेल्या उजव्या डोळ्यावर त्यांनी आयुष्यभर बोटी रंगवल्या. या बंदरातली एकही बोट त्यांचा हात लागल्याशिवाय पाण्यात उतरत नाही. आता तो एक डोळा सुरीखाली द्यायचा.

बाहेर पडताना आप्पा पायरी चुकले. "पायरीच वाकडी आहे," म्हणाले.

१२ मार्च

आप्पा नाही म्हणाले.

१३ मार्च

अजून नाहीच. "आहे तेवढं दिसतंय. आहे तेही घालवू?"

१५ मार्च

शाळा सुटल्यावर धक्क्यावर गेले. खलाशांचा म्होरक्या तांडेल, त्याची नवी बोट ठोकळ्यांवर उभी आहे. फटींत लांबी भरून झाली, काचपेपर मारून झाला, अंगाला लाल रंगही लागला. काठाखालचा पांढरा पट्टा तेवढा उरलाय. आप्पा पांढऱ्याचा डबा उघडून बसले होते, नाक जवळजवळ रंगात.

"पुन्हा पिवळा पाठवला! त्या दुकानदाराला चष्मा लागलाय."

मग नेहमीसारखी निळ्या रंगाची बाटली काढली. एक थेंब, ढवळणं, बघणं. पुन्हा थेंब. शेवटी काठी वर धरली, रंग ओघळू दिला.

"झाला पांढरा."

तो पांढरा नाही. कित्येक वर्षं नाही. दुधात शाई सांडावी तसा फिका निळा आहे. पांढरं त्यांना पिवळं दिसतं, आणि ते पिवळं मारायला ते निळा घालतात. इतकं साधं आहे. बंदरातल्या सगळ्या बोटींना तोच पट्टा. शेजारच्या बंदरातले लोक आम्हाला 'निळ्या पट्ट्याचे' म्हणतात. आप्पांच्या कानावर तेवढं कुणी जाऊ देत नाही.

दुकानदार एकदा मला म्हणाला होता, "ताई, माझा पांढरा बगळ्यासारखा आहे हो! पण आता सवय झालीय. एखादा डबा शिवीशिवाय गेला तर चुकल्यासारखं वाटतं."

मी वाकून डब्यात बघत होते. आप्पा म्हणाले, "तू नको बघूस. तुला पुस्तकातलं कळतं. रंगातलं नाही."

संध्याकाळपर्यंत एका बाजूचा पट्टा मारून झाला. हात अजून सुतासारखा सरळ चालतो. मग डबा कलंडला आणि उरलेला रंग वाळूत गेला. डबा समोरच होता. त्यांना दिसला नाही.

ऑपरेशन फसलं तर अंधार. नाही फसलं तर ते धक्क्यावर येतील — आणि बघतील! आईला हे बोलले. ती जाळं विणत होती. मान वर न करता म्हणाली, "आधी दिसू दे. मग लाज वाटू दे."

१७ मार्च

जे आम्हाला जमलं नाही ते तांडेलाने केलं.

आप्पा नव्या बोटीच्या टोकावर पक्षी काढत होते. प्रत्येक बोटीवर काढतात तसाच, पंख पसरलेला. तांडेल मागे येऊन उभा राहिला.

"आप्पा, ह्याचा डोळा मानेखाली आलाय."

"काहीतरीच."

"असू दे म्हणा. खाली मासे बघत असेल. पण पुढच्या पक्ष्याचा शेपटीवर आला तर बोट उलटी चालवू का?"

जाळी विणणाऱ्या बायका खो खो हसल्या. आईसुद्धा. आप्पा हसले नाहीत. त्यांनी पक्ष्याच्या डोक्यावरून बोटं फिरवली, हळूहळू खाली आणली. ओला रंग मानेखाली लागला. बराच वेळ ते स्वतःची बोटं नाकाजवळ धरून बघत होते.

घरी येऊन हात न धुताच म्हणाले, "घे तारीख."

२० मार्च

बर्फाच्या कारखान्याचा टेंपो घेऊन गेलो. आप्पा पुढे, आम्ही मागे. कपडे ओले, बूड गार. मामा म्हणाला, "निदान ताजे तरी पोहोचू." आईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो इस्पितळापर्यंत रस्ताच बघत बसला.

आत नेताना आप्पांनी माझा हात सोडला नाही. नर्सने सोडवला.

भिंग बसलं, असं डॉक्टर म्हणाले. दिसतंय का ते उद्या पट्टी काढल्यावर.

आईने बाकावर बसून अर्धं जाळं विणलं. घरी आल्यावर बघितलं तर सगळ्या गाठी चुकलेल्या.

२१ मार्च

दिसलं!

पट्टी काढली. आप्पांनी डोळा मिटलेलाच ठेवला. डॉक्टर म्हणाले, "उघडा." नाही उघडला. आई म्हणाली, "अहो, उघडा की. मी आहे."

उघडला. खूप वेळ आईकडे बघत राहिले.

"म्हातारी झालीस."

"आणि तुम्ही काय नवरदेव राहिलात?" एवढं बोलून आई भिंतीकडे तोंड करून रडली. मामा डॉक्टरांच्या गळ्यातच पडला. मला वाटतं मी बाकावर बसले, कारण नंतर मी बाकावर होते.

कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटतंय.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवते. निघताना आप्पा उशीच्या अभ्र्याकडे बघत होते. "नवा आहे का हा?" नर्स म्हणाली, "कुठला नवा! धुऊन धुऊन विरलाय." आप्पांनी तो दोन बोटांत धरला. "इतका पांढरा," म्हणाले.

२४ मार्च

काळा चष्मा, डोळ्यात औषधाचे थेंब, वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही. आठवडाभर घरातच. आप्पा भांडी बघतात, खिडकीचे गज बघतात. मी पेपर तपासत होते तर लांबून म्हणाले, "लाल शाई किती गं वापरतेस! पोरं रक्तबंबाळ." इतक्या लांबून दिसलं त्यांना. मी मुद्दाम अजून लांब जाऊन बसले. तिथूनही दिसलं!

२७ मार्च

तांडेल येऊन गेला. आप्पा आंघोळीला गेलेत असं बघून हळू आवाजात म्हणाला, "शनिवारी ते धक्क्यावर येणार ना? सगळ्यांशी बोललोय. त्या दिवशी एकही बोट बंदरात ठेवत नाही. नवीवर ताडपत्री. आप्पा येतील, समुद्र बघतील, घरी जातील."

"आणि रविवारी?"

"रविवारचं रविवारी बघू."

शहाणीसुरती माणसं!

२९ मार्च

बंदर रिकामं. असं रिकामं मी कधीच पाहिलं नव्हतं. दोर नुसते लोंबत होते. लिलावाच्या शेडमधल्या बायका आमच्याकडे बघायचं टाळत होत्या.

आप्पा म्हणाले, "काय, गाव पळून गेलं की काय?"

"मासा लागलाय म्हणे," मी म्हटलं.

"सगळ्यांना? एकदम?" आणि माशांच्या उपड्या पेटीवर बसले. "येतील की. बसू."

हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं! आप्पांना घाई नव्हती, आणि मासे घेऊन बोटींना परत तर यावंच लागणार.

उन्हं कलल्यावर आल्या. एकामागून एक. पाणी राखाडी, आकाश राखाडी, त्यातून आधी फक्त पट्टे दिसायला लागले. फिके निळे. मग बोटी. आप्पांनी काळा चष्मा काढला. मी घाला म्हटलं नाही.

तांडेल त्याच्या जुन्या बोटीतून धक्क्यावर उतरला. आप्पांना पाहून त्याचा चेहरा उतरला.

"हा रंग कुणी दिला?"

"तुम्हीच."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"आणि सगळ्यांच्या तोंडाला कुलूप?"

तांडेल डोकं खाजवत राहिला. मग म्हणाला, "आधी जीभ रेटली नाही. नंतर... आप्पा, मागे माझं इंजिन बंद पडलं होतं ना? धुक्यात? भाऊ शोधत फिरत होता. पांढरा पट्टा असता तर लाटेच्या फेसात गेला असता. ह्याच्यावरून ओळखलं त्याने मला."

"ते नशीब तुझं. सगळ्या बोटी ओढा वर. नीट पांढऱ्या करून देतो."

"हात लावून तर बघा," तांडेल म्हणाला. शेडमधून कुणीतरी ओरडलं, "आधी आमची बोट ओळखायची कशी ते सांगा!" त्यावर सगळ्यांत मोठ्याने हसणारी बाई कोण ते शोधायला मी मागे वळले. आईच होती.

घरी येऊन आप्पा जेवले नाहीत. आई म्हणाली, "वाटू दे. लाज वाटायलाही दिसावं लागतं."

३१ मार्च

आज जेवले. दोनदा वाढून घेतलं.

दुकानदाराला निरोप पाठवला : "त्याला सांग, पांढरा बरा आहे."

निरोप दिला. दुकानदार बघतच राहिला. "बरे आहेत ना ते?" म्हणाला.

२ एप्रिल

आप्पांनी पक्ष्याचा डोळा खरवडायला घेतला. तांडेलाने हातातली खरवडायची पट्टी काढून घेतली. "राहू दे. मासे बघतोय."

५ एप्रिल

नव्या बोटीची दुसरी बाजू राहिली होती. एका बाजूला तो पट्टा, दुसरी कोरी. आप्पा सकाळपासून डबा घेऊन बसले. निळा घालायचे, ढवळायचे, पट्ट्याशेजारी धरायचे. जास्त झाला. ओतून दिला. कमी झाला. मग जांभळट. दुपारी मी गेले तर समोर रंगांच्या वाट्यांची रांग, आणि त्यातली एकही जुळत नव्हती.

"मला आता येत नाही तो," म्हणाले. आवाजात दुःख नव्हतं. थोडं नवल होतं. "तो त्या डोळ्याचा होता."

काठी माझ्या हातात दिली आणि उठून समुद्राकडे तोंड करून उभे राहिले.

मी थेंब टाकत गेले. ढवळलं. काठी वर धरली, ओघळू दिलं. मग थांबले.

"झाला पांढरा?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"झाला, आप्पा."