जळकोटच्या पुढचा कॅमेरा

७ जानेवारी २०२५, मंगळवार
आजपासून रोजनिशी. कारण, गाडीला पहिलं चलन आलं. हायवेवर जळकोटच्या पुढं लोखंडी कमान उभी करून वर कॅमेरे बसवलेत. गेल्या आठवड्यात एकटाच सोलापूरहून माल बघून येत होतो, तेव्हा त्यातल्या एकानं टिपलं. स्पीड जास्त. उमरग्यात एवढी वर्षं हार्डवेअरचं दुकान चालवतोय, भल्याभल्यांना माझ्याकडून बिल वाढवून घेता आलं नाही, आणि एका डब्यानं मला फसवावं?
संकल्प: यापुढं एकही चलन नाही.
जाता जाता नोंद: बायकोचा, महानंदाचा, रिपोर्ट आला. दर तीन आठवड्यांनी सोलापूरला केमो. डॉक्टर म्हणाले, बघू या. बघू या म्हणजे होईल. नाहीतर सरळ नाही म्हणाले असते.

१४ जानेवारी
संक्रांत. तरी गेलो. दवाखान्यात लवकर पोचलं की खिडकीजवळचा बेड मिळतो, म्हणून स्पीड लागतोच.
पद्धत पहिली: कमान दिसली की ब्रेक, कमान मागं पडली की पुन्हा दाबायची. उत्तम चालली. महानंदाला मळमळलं. जाताना, म्हणजे केमोच्या आधीच. म्हणालो, होईल सवय.

४ फेब्रुवारी
महालिंगप्पा (टायरवाला, शाळेपासूनचा दोस्त) सांगत होता की आता दोन कमानींमधला वेळ मोजतात, ब्रेकचा काही उपयोग नाही. हे आधी सांगायला काय झालं होतं?
पद्धत दुसरी: पुढच्या नंबरप्लेटवर लिंबू-मिरची अशी बांधली की शेवटचे आकडे झाकले जातात. पोलीस काय, देवधर्माला हात लावणार नाहीत. महानंदा म्हणाली, नजर मला लागलीय, गाडीला न्हाय. जोक अजून करते. तब्येत सुधारतेय.

२५ फेब्रुवारी
लिंबू वाऱ्यानं कमानीच्या आधी, येणेगूरलाच पडलं. पद्धत तिसरी, जागेवर सुचलेली: सिमेंटच्या ट्रकमागं चिकटून कमानीखालून जायचं. काचेवर धूळच धूळ. पण यश.
महानंदाचे केस गेले. हिरवा स्कार्फ बांधते. मी म्हणालो, उन्हाळ्याला बरं झालं. तिनं लेकीला, शिवप्रियाला, पुण्याला फोन करून बजावलं की आता माझा फोटो काढायचा न्हाय. व्हिडिओ कॉल आला की फोन छताकडं धरते. शिवप्रिया तिकडं आमचा पंखा बघत बोलते.
वाटेत महानंदानं विषय काढला. ती नसली तर मी पुण्याला लेकीकडं जाणार का इथंच राहणार. म्हणालो, थांब जरा, कमान आली. कमान गेल्यावर तिनं पुन्हा विचारलं नाही. बरं झालं. असल्या बोलण्यानं ड्रायव्हिंगवरचं लक्ष उडतं.

१८ मार्च
पद्धत चौथी, सगळ्यात पक्की. कमानीच्या अलीकडं डाव्या हाताला खेड्यातून एक रस्ता जातो, तो नळदुर्गच्या तोंडाशी पुन्हा हायवेला लागतो. कॅमेऱ्यानं कमानीवर बसून माझी वाट बघावी.
रस्ता कसला, खड्डेच. वेळ भरून काढायला दामटावी लागली. महानंदा दोन्ही हातांनी दरवाजाच्या वरची दांडी धरून बसली होती. करडईच्या रानाजवळ म्हणाली,
"हळू चालवा की. मला कुठं पोचायची घाई न्हाय."
तिला टाइमिंगचं गणित कळत नाही. तसं सांगितलं.
पोचायला उशीर झाला. बेड संपले होते. खुर्चीवर बसवून सलाईन लावलं. संध्याकाळपर्यंत ती तशीच, मान भिंतीला टेकून. मी नर्सला दोनदा बोललो, इथली व्यवस्था नीट नाही म्हणून.
पण चलन नाही.

८ एप्रिल
आनंदाची बातमी. डॉक्टर म्हणाले, केमो आता थांबवू. घरी न्या, त्यांना आवडेल ते खाऊ घाला. पथ्य संपलं! शिवप्रियाला बाहेर येऊन लगेच फोन लावला. ती तिकडून काहीच बोलेना. रेंज नसेल.
येताना महानंदा म्हणाली, खेड्याच्या रस्त्यानं नको, हायवेनंच चला. तिनं स्वतःचा बेल्ट लावला, मलाही लावायला लावला. खुशीत होतो, गाडी दाबणार होतो. तिनं गिअरवरच्या माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "निधान." तिचं माहेर आळंदचं, दमली की कन्नड येतं. निधान म्हणजे सावकाश.
मग चाळीसनं आणली. बैलगाडीसुद्धा ओव्हरटेक करेल असं वाटत होतं. नळदुर्गला चहा घेतला. तिनं अर्धा प्यायला, उरलेला मला दिला. कमानीखालून जाताना ती वाकून काचेतून वर बघत होती. म्हणाली, एवढ्याशा डब्याला तुम्ही एवढं भ्यालात व्हय. मी म्हणालो, भ्यालो नाही, हरवलं.
उमरगा येईपर्यंत तिनं हात काढला नाही. गिअर बदलायची वेळच आली नाही.

२९ एप्रिल
सोलापूरची फेरी नाही, त्यामुळं पद्धतींमध्ये प्रगती नाही. महानंदाला झोप चांगली लागते. दिवसासुद्धा. शरीर भरून काढतंय. संकल्प: जूनमध्ये तिला आळंदला न्यायचं.
शिवप्रिया रजा टाकून आली. एवढी लांब रजा कशाला, असं विचारलं. ती आत जाऊन भांडी घासायला लागली. घासलेलीच होती.

११ मे
महानंदा सकाळी गेली, लिंगैक्य झाली. शिवप्रिया जवळ होती. मी गाडी धूत होतो.
दुपारी समाधी दिली. पालखीसारख्या विमानात बसवून खांद्यावरनं नेली. सगळे सावकाश चालले.

१२ मे
काही नाही.

२१ मे
अकराव्या दिवसाची शिवगणाराधना झाली. कार्डावर तिचा आधारवरचाच फोटो छापावा लागला. त्यात ती कुणाशी तरी भांडून आल्यासारखी दिसते. शिवप्रियानं सगळे फोन, सगळे अल्बम बघितले. या वर्षातला एकही नाही. मी म्हणालो, छापलंय तेवढं पुरे. कामाशी काम.
पंगत उठल्यावर महालिंगप्पा आणि गिरिजावहिनी माझ्याजवळ येऊन बसले. माझं मन रमावं म्हणून त्यानं त्याला आलेलं चलन मोबाईलवर दाखवलं. वरून काढलेला फोटो, पण काचेतून दोघंही स्वच्छ. तो हातवारे करतोय आणि वहिनी तोंडाला पदर लावून हसतायत. कुठं चालला होतात, मी विचारलं. त्याला आठवेना.
फोन त्यानं मागून घेतला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की अजून माझ्याच हातात आहे.

२४ मे
हायवे पोलिसांच्या चौकीत गेलो. फक्त चौकशीला. जुनं एखादं चलन राहिलं असेल तर मिटवून टाकावं, असं सांगितलं. विरेश नावाचा हवालदार होता, बोलायला चांगला. त्यानं गाडीचा नंबर टाकला. माझं एकट्याचं जानेवारीतलं निघालं, ते भरलेलं. पुढं काही नाही.
पुन्हा बघा म्हणालो. फेब्रुवारीत ट्रकमागं होतो, प्लेटही झाकली होती एकदा, तेही सांगितलं. लागेल तो दंड लावा. एप्रिलच्या आठ तारखेला तर अगदी कमानीखालून गेलो होतो. शेजारी बाई होती, हिरवा स्कार्फ, वर बघत होती, दिसेलच.
तो म्हणाला, स्पीड किती होता? चाळीस. बेल्ट? दोघांनीही लावला होता. मग नियमात चालणाऱ्याचा फोटो चलनात येत नाही म्हणाला.
त्याला वाटलं मी घाबरलोय. त्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं.
"काका, टेन्शन घेऊ नका. तुमचं रेकॉर्ड साफ हाय. या रोडला एवढं साफ लई कमी लोकांचं असतंय."
थँक्यू म्हणालो आणि येऊन गाडीत बसलो. बेल्ट लावला. बराच वेळ गेला असावा, कारण विरेश बाहेर येऊन बघून गेला. मग निघावं म्हणून चावी घेऊन हात पुढं केला, तर समोर स्टिअरिंगच नव्हतं.
मी डावीकडच्या सीटवर बसलो होतो.