दार चुकलेलं नाही

पेण,
नागपंचमी

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी धाकट्या नीलकंठाचा साष्टांग नमस्कार (साष्टांग हे शब्दापुरतंच समजा, कमरेतली चमक अजून गेलेली नाही). इकडे मी आणि विमल खुशाल आहोत, घर खुशाल नाही. तुमचा गुडघा, वहिनींचा रक्तदाब आणि आईची भूक कशी आहे ते कळवा. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मध्येच बोलता आणि मला आज शेवटपर्यंत बोलायचं आहे.

तुमच्या कानावर आलंच असेल. पेणहून रोह्याला जाणाऱ्या प्रत्येक एसटीतून माझ्या घराची बातमी तुमच्यापर्यंत पोचते, याची मला कल्पना आहे. बांधकाम थांबलंय, स्लॅब पडलेला नाही, पैसे लिंटेलच्या, म्हणजे दारावरच्या आडव्या पट्टीच्या, खालपर्यंत पुरले आणि पुढे सरकेनात, हे सगळं खरं. पण मी आधी दार करून घेतलं आणि मग नकाशा काढला म्हणून हे झालं, असं जे तुम्ही साऱ्या नातेवाइकांना सांगत सुटला आहात, ते मला अजिबात मान्य नाही. म्हणजे क्रम तोच होता. कारण ते नव्हे.

गेल्या चतुर्थीचं आठवा. अण्णांपासून आपल्याकडची रीत, हमरापूरहून आणलेला देव टेम्पोतून उतरला की डोक्यावर घ्यायचा आणि मखरापर्यंत खाली उतरवायचा नाही (टेम्पोत मांडीवर चालतो, तेवढी सवलत अण्णांनीच दिली होती). तुमच्या रोह्याच्या घराचं दार साडेसहा फुटी. तुम्ही पडलात पाटबंधारे खात्यातले, तुम्ही ते माणसांसाठी केलंत आणि माणसांना ते पुरतं. पण डोक्यावर देव घेतलेल्या माझ्यासारख्या सहाफुटी माणसाला ते गुडघे मुडपून, बदकासारखं चालत ओलांडावं लागतं. गेल्या वर्षी ऐन उंबऱ्यात कमरेत चमक भरली, देव पुढे कलंडला आणि तुम्ही दोन्ही हातांनी धरलात म्हणून वाचला. तेव्हा आई काय म्हणाली? ‘अरे, देव आपल्याच घरी येतोय ना? मग चोरासारखा वाकून का येतो रे?’ तुम्ही सगळे हसलात. मला हसू आलं नाही, दादा. मला ते लागलं. आई आता पंच्याऐंशीची आहे, तिने आणखी किती चतुर्थ्या हे बघायचं? पुढच्या वर्षी देव माझ्या घरात मान ताठ ठेवून येईल, असं मी तिला तिथल्या तिथे कबूल केलं (कमरेला हात लावून केलं, पण केलं).

म्हणून आधी काळुराम सुताराला बोलावलं. त्याने मला अंगणात उभं केलं, डोक्यावर पाट ठेवला, पाटावर देवाच्या उंचीचा डबा ठेवला (विमलने तांदळाचा दिला, आणि तोही भरलेला) आणि टेप लावली. साडेआठ फूट. अस्सल सागवानी चौकट, दुहेरी दार. लोक आधी प्लॉट मोजतात, मी आधी देव मोजला. यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही.

मग प्रदीप कॉन्ट्रॅक्टर आला. दाराकडे बघून त्याने टोपी काढली आणि बराच वेळ डोकं खाजवत राहिला. त्याचं म्हणणं असं पडलं की दारावर जिथे लिंटेल, तिथेच खिडक्यांवरही, साऱ्या घराला एकच पट्टी. झालं. खिडक्या दाराइतक्या वर गेल्या, म्हणून ग्रिल वाढलं. लिंटेल वर म्हणून स्लॅब वर, स्लॅब वर म्हणून भिंती वर, आणि जिन्याच्या पायऱ्या वाढल्या त्या वेगळ्याच. वाढलेला जिना जागेत मावेना, तो सरळ स्वयंपाकघरात शिरला. (विमल म्हणाली, हरकत नाही, तिसऱ्या पायरीवर गॅस ठेवते.) मग स्वयंपाकघर उचलून घराच्या दुसऱ्या टोकाला नेलं. न्हाणीघर मात्र जागचं हललं नाही, कारण त्याचा खड्डा खणून झाला होता. आता पाण्याचा पाइप अख्ख्या घराला प्रदक्षिणा घालून मोरीत जातो.

हे सगळं कागदावर होतं तेव्हाच तुम्ही म्हणाला होतात, की दार, जिना आणि पाणी यांच्या जागा आधी पक्क्या कर, घराचा खर्च तिथेच ठरतो, टाइल्स वगैरे मागाहून. तुमच्या घरात न्हाणी आणि स्वयंपाकघर एकाच भिंतीला पाठ लावून बसली आहेत. सगळं चौकोनी, सगळं आटोपशीर, खर्चसुद्धा आटोपशीर. अभिनंदन. पण त्या आटोपशीर घरात देवाला वाकावं लागतं, हे तुमच्या नकाशात कुठे दाखवलं होतं?

शेजारचा बाबाजी रोज सकाळी येऊन दारापुढे उभा राहतो. परवा विचारतो, ‘गुरुजी, घरात हत्ती पाळनार हाय काय?’ म्हटलं, पाळायचा नाही, पुजायचा आहे. जाणारे-येणारे दाराचे फोटो काढतात, काढू देत. छप्पर नसलं तरी मी दाराला रोज कुलूप लावतो. प्रदीपचा अजून एकच धोशा, चौकट दोन फूट कापा, स्लॅब खाली येईल, कर्ज न काढता घर होईल. करवत घेऊन आला तर त्याला आधी मला कापावं लागेल, असं मी त्याला सांगून ठेवलंय. दार चुकलेलं नाही, दादा. बाकीचं घर चुकलंय. ते मी दाराच्या मापाने सुधारीन, मग त्याला किती का वर्षं लागेनात.

आपला आज्ञाधारक (या एका बाबतीत सोडून),
नीलकंठ

ता. क. : यंदा गणपती तुमच्याकडेच बसवावा लागेल. उघड्यावर देव बसवायला मी तयार होतो, विमल नाही.

ता. क. दुसरा : देव मात्र डोक्यावरूनच येईल आणि मी वाकणार नाही (डॉक्टरांचीही मनाई आहे). तेव्हा तुमच्या दाराची चौकट आणि तिच्यावरची जाळी चतुर्थीपुरती काढावी लागेल. काळुराम गेल्या आठवड्यात सहज रोह्याला आला होता, तुम्ही बाजारात गेला होतात तेवढ्यात त्याने माप घेतलं. बरोब्बर पुरतं. वहिनींनी त्याला चहाही दिला. तो येत्या रविवारी पहार घेऊन येईल, तुम्ही फक्त समोरचा सोफा हलवून ठेवा.

ता. क. तिसरा : आईला फोन करून सांगितलं, की यंदा देव मान ताठ ठेवून आत येणार. ती म्हणाली, ‘मी दारातच बसते.’ कुणाच्या दारात, ते तिने विचारलं नाही.