सहा ते आठची गिरणी

अहो,

आज तुमच्यावर इतकी चिडले आहे की बोलल्याशिवाय चैन पडणार नाही. तुम्ही गेल्यापासून चार महिन्यांत आपल्या गावची विजेची डीपी तिसऱ्यांदा जळाली. पाण्याच्या टाकीची मोटर बंद, अख्खं गाव कळशा घेऊन मळ्यातल्या विहिरीवर. उद्या विट्याहून नवी डीपी यायची आहे. तीही जळाली तर?

सकाळी पाणी सोडणारा सदाशिव दारात आला. "वैनी, अण्णांची वही द्या की. अण्णा हुतं तवा एकदाबी डीपी जळली न्हाई. बायकांचं लय हाल चाललंत."

मी त्याच्यावरच खेकसले, "सांच्याला मोटर तूच लावतोस न्हवं? मग जळंल न्हाई तर काय!" बिचारा मान खाली घालून गेला.

वही म्हणे! त्या वहीपायी माझे किती चहा गार झाले! सबस्टेशनवर जन्म काढून निवृत्त झालेला माणूस, पण घरी स्वस्थ बसेल तर शपथ. दर तासाला सायकल काढायची, डीपीपाशी जाऊन तारेला ते चिमट्याचं मीटर लावायचं, गाव किती वीज ओढतंय तो आकडा वहीत लिहायचा. मी म्हणायचे, दोन महिन्यांनी रीडिंगवाला येतो की! तर तुम्ही म्हणायचात, "अगं, दोन महिन्यांच्या एका आकड्यात संध्याकाळचे सहा कुठं दिसणार?"

साताऱ्याजवळ पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा मला एसटीनं घेऊन गेलात. वाटलं, हौसेनं फिरवताय! तिथंही व्याख्यानच. "वारा त्याच्या वेळेनं येणार. त्याची वीज वापरायची तर कुणाला कधी किती लागते, कुणाचं काम पुढंमागं करता येतं, हे तासातासाला ठाऊक पाहिजे." तोवर हातातली भेळ मऊ पडली होती.

दुपारी चष्मा लावून वही उघडली. सहाला आकडा चढतो, आठला उतरतो. शेजारी तुमचं बारीक अक्षर: 'गिरणी सुरू.' 'गिरणी बंद.' रोज, पानोपान. अहो, आपली पिठाची गिरणी! माझी!

आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत? सदाशिवला पहाटे पाचला मोटर लावायला लावलीत. मळेवाल्यांचे पंप दुपारवर ढकललेत, त्यांच्या शिव्या खाल्ल्यात. माझ्या गिरणीला मात्र हात लावला नाहीत. का? रानातून परतताना बायका सहालाच डबे घेऊन येतात म्हणून? की मी चिडेन म्हणून? इतकी का मी तापट आहे? बरं, असेन!

तुम्ही गेलात आणि पाळ्या मोडल्या. सगळे संध्याकाळीच, माझ्या गिरणीच्या वेळेलाच, बटणं दाबू लागले, आणि मी गिरणीत बसून गावाला नावं ठेवत राहिले. चोराच्या उलट्या बोंबा! लाज वाटली हो. असली कसली माया तुमची? एकदा सांगून बघायचं होतंत. दोन दिवस भांडले असते, मग ऐकलं असतं. आता भांडू कुणाशी?

ऐका. उद्यापासून सहा ते आठ गिरणी बंद. बायकांनी रानात जाताना डबे ठेवून जावेत, मी सकाळीच, दुपारच्या पंपांच्या आधी, दळून ठेवीन. सदाशिव आकडा घेईल, मी वहीत लिहीन. आणि आत्ता, दिवेलागणीच्या आत, त्याच्या घरी जाऊन माफी मागणार आहे. तुम्ही माझं झाकलंत. गिरणीचं मी चारचौघांत सांगेन, हा माझा शब्द.

तुमचीच, अजून चिडलेली,
सुमन