आत्यानं मला शिरूर दाखवलं

तीर्थरूप भिमाजीमामांच्या सेवेशी,

शिरूरहून विक्रमचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत, माझे पाय तेवढे सोडून. तुमचा खोकला कसा आहे ते कळवावे. (आत्या माहेरी आल्यापासून तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हा कागद. तुमची सून सायली म्हणाली, रेल्वेत चाळीस वर्षं काढलेला माणूस टपालानं आलेलं न वाचता ठेवणार नाही.)

आत्याला गाव दाखवायचं म्हणून मी कंपनीतून दोन दिवस रजा काढली. जन्म तिचा इथलाच, पण दौंडला नांदायला गेल्यापासून ती आली ती लग्नाला नाहीतर दुखवट्याला, आणि तीही सकाळी येऊन संध्याकाळी परत. म्हटलं, तिला काय आठवत असणार. फोनवर सगळी माहिती वाचून ठेवली आणि आधी तिला गोऱ्या साहेबाच्या समाधीवर नेलं. (इथं पूर्वी इंग्रजांची छावणी होती, त्यातल्या एका कर्नलाची ही कबर.) मी घसा साफ करून वाचायला लागलो, तर आत्या पदराची गाठ सोडत होती. आत तुमच्या शेतातली मूठभर नवी बाजरी. ती तिथं ठेवून हात जोडले आणि म्हणाली, "आमची आई सुगीचं पहिलं दाणं हितं आणायची. सायेब असंल, पर गावाची राखण करतो. फोन खिशात घाल आन् पाया पड." मामा, त्या बाजूनं मी शेकडो वेळा गेलोय, एकदाही थांबलो नव्हतो.

तिथून नदीवर. पुलावर उभी राहून तिनं बोटानं दाखवलं, धुणं कुठं, म्हशी कुठं उतरायच्या, वाळूत कलिंगडाच्या वाड्या कुठं लागायच्या. मला नुसत्या वेड्या बाभळी दिसत होत्या, पण ती सांगत गेली तशी वाळूसुद्धा दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी बाजार. मेथीची जुडी घेऊन मागं वळलो, तर आत्या नाही. भाजीची ओळ, बोंबलाची ओळ, शेळ्यांचा बाजार, सगळं दोनदा पालथं घातलं. शेवटी (तुमचा चेहरा डोळ्यांपुढं आला) एका औषधविक्याचा भोंगा मागून घेतला आणि ओरडलो की साखरबाई, वय सत्तर, हिरवं लुगडं, दिसल्यास इथं आणावे. दहा मिनिटांत हिरव्या लुगड्यातल्या पाच म्हाताऱ्या हजर, त्यात दोन साखरबाई. सहावी आली ती आपली. हातात भेळ, सोबत बांगड्यांच्या दुकानातल्या रोशनबी. (दोघी चौथीपर्यंत एका वर्गात होत्या.) कोण म्हातारी हरवली ते बघायला आल्या होत्या. मी डोळे पुसत होतो.

"मी माझ्या गावात हाय," आत्या म्हणाली. "मी कशी हरवंन? हरवला तर तू व्हतास."

"पोरगं घाबरलंय गं," रोशनबी म्हणाल्या. "भेळ दे त्याला."

मी भेळ खाल्ली. पुढचं गाव मला त्या दोघींनी दाखवलं. पेठेतली कोरीव दारं कुठल्या सुताराची, कुठल्या ओट्यावर धान्याचे लिलाव व्हायचे, रामलिंगाच्या जत्रेला बैलगाड्यांची रांग कुठपर्यंत यायची. म्हातारे दुकानदार गल्ला सोडून उठत आणि "साखरे, तू?" म्हणत. एवढं देखणं गाव, आणि मी आजवर त्यात फक्त गाडी लावायला जागा बघत आलो.

आत्या मंगळवारच्या एसटीनं येईल. काळजी नसावी.

आपला,
विक्रम

ता.क. आत्या मंगळवारी येत नाही. पत्र वाचून दाखवलं, तर तिनं ते वाक्य खोडायला सांगितलं. (शाईचं आहे, वाईट दिसेल म्हणून तसंच ठेवलंय.) तुम्ही स्वतः न्यायला यावं, असं ती म्हणते.

आणखी एक. लग्नानंतर देवदर्शनाला नदीवर गेलात, तिथं वाऱ्यानं तुमचा फेटा पाण्यात गेला, आमच्या घरचे सगळे हसले, आणि म्हणून अठ्ठेचाळीस वर्षं तुम्ही या गावात पाय ठेवला नाही, हे मला आजच कळलं. तिचा निरोप तिच्याच शब्दांत: "त्यांना लिव्ह, त्या दिवशी हसल्याली मान्सं आता एक बी उरली न्हाई. मी तेवढी हाय. आन् पदराआड मी बी हसले व्हते. हितं येऊन भांडा म्हणावं."