दुपट्ट्याखालचा हात

अमडापूर,
ता. ८ फेब्रुवारी १९६८

ती. वामनराव काका यांस कोकिळाचा नमस्कार.

आम्ही बरे आहोत. संग्रामपूरला आपणही सर्व बरे असाल असं धरून चालते. इतकी वर्षं आपल्याकडून पत्र नाही, आमच्याकडूनही नाही. म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहिते.

१. बाबांच्या हातांना कंप सुटला. तो वाढत गेला. शेवटी चहाची बशी तोंडापर्यंत नेता येईना.

२. मी मुंबईच्या ज्या इस्पितळात मेंदूच्या लहरी नोंदवणाऱ्या मशीनवर काम करते, तिथे त्यांना तपासलं. हा मेंदूचा आजार आहे. बाजारात लोक म्हणत होते तसा दारूचा नाही.

३. डिसेंबरात ऑपरेशन झालं. कवटीला बारीक भोक पाडून एक सुई आत नेली. तिच्यातून थोडा करंट सोडून जागा बरोबर असल्याची खात्री केली आणि मग तेवढाच ठिपका जाळला.

४. उजवा हात आता स्थिर आहे. डावा कापतो.

पत्र इथेच संपवणार होते. आईने वाचून घेतलं आणि म्हणाली, "वामनभाऊले असं कोर्टाच्या कागदावानी लिहितं का व? आन् भांडू बी नको."

भांडत नाही. पण खामगावच्या बैलबाजारातली ती गोष्ट लिहावी लागेल. तुमची जोडी विकायची होती आणि दलाल बाबा होते. खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली तुमची बोटं धरून त्यांनी गिऱ्हाइकाचा भाव सांगितला, एका बोटाला शंभर रुपये. तुम्हाला चार बोटं धरल्यासारखी लागली. दुपट्टा काढल्यावर बाबा म्हणाले, तीन. तुम्ही भरबाजारात म्हणालात, "पुंज्या, तुहा हात खोटा झाला." त्यानंतर त्यांच्या दुपट्ट्याखाली कोणी हात घातला नाही. बाबाही भांडले नाहीत. घरी येऊन दुपट्टा खुंटीला टांगला, तो तिथेच आहे.

त्या दिवशी तुमच्या करंगळीलाही बाबांचा हात लागला तो कंपामुळे, असं मी खात्रीने म्हणू शकत नाही. तेव्हा तपासणी झालेली नव्हती. हा कंप हळूहळू सुरू होतो आणि आधी माणसाला स्वतःलाही कळत नाही, एवढंच मला ठाऊक आहे. याहून जास्त लिहिलं तर ते मुलीचं बोलणं होईल.

जे मी स्वतः पाहिलं ते मात्र लिहिते.

या ऑपरेशनात रोगी जागा ठेवतात, कारण हात थांबला की नाही ते तिथल्या तिथे बघायचं असतं. घरच्या माणसाने आत थांबायचं नसतं. पण करंटचं बटण फिरवायला शिकलेलं दुसरं कोणी नव्हतं. बाबांनी आधी डॉक्टरांना विचारलं, "डोक्यात लाइट लावून राह्यले काय, साहेब?" डॉक्टर हसले. मी नाही हसले. सांगतील तसं बटण फिरवत गेले.

आणि हात थांबला. कापता कापता पाण्यावरची लाट बसावी तसा बसला. बाबा त्याच्याकडे पाहत राहिले.

"थांबला व माय," ते म्हणाले. मग म्हणाले, "वामन्याले बोलाव."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी मशीनकडे पाहिलं.

"वामनकाका इथं नाहीत, बाबा."

"मंग तू दे हात."

एक हात बटणावर ठेवून दुसरा मी हिरव्या चादरीखाली घातला. त्यांनी माझी बोटं धरली. "सांग, किती?"

"मले नाही येत ते."

"तुले कोन शिकवीन! वामन्याले समजते."

बाजाराची ती बोली बायकांना कोणी शिकवत नाही, काका. पण मोजता मला येतं. तर्जनी, मधलं, अनामिका. तिन्ही घट्ट धरलेली. करंगळी मोकळी होती.

बटणावरचा माझा हात कापला नाही.

आता बाबा उजव्या हाताने चहा पितात. आई म्हणते, "सांडत नाही, पुसाचं काम नाही, मी दिवसभर करू काय?" मी म्हणते, बाजारात जा. ते म्हणतात, "पयला हात वामन्याचा. नाही तं दुपट्टा खुंटीवरच बरा."

हा आराम किती टिकेल ते डॉक्टर सांगत नाहीत. काहींचा कंप परत येतो. आज हात चांगला आहे. तो चांगला आहे तोवर तुमच्या हातात यावा, एवढ्यासाठी हे पत्र. बाबांना त्याची कल्पना नाही.

रजा संपली की मी मुंबईला जाईन. तुम्ही खामगावच्या बाजारात याल की नाही, ते १७ फेब्रुवारीपर्यंत कळवावं. येणार नसाल तरी कळवावं.

तुमच्या जागी हात दिलेली,
कोकिळा