मुबारिज स्वाराची चेहरेपट्टी

अल्लाच्या नावाने. मी माहरू, लष्करी घोड्यांना डाग देणाऱ्या कमाल यांची मुलगी, खोगीर शिवणाऱ्या इल्यासची बायको, वय वीस. बाळंतपण आठ दिवसांवर आले आहे. डोके ठिकाणावर आहे, जेवण जाते, कुणाचा दबाव नाही. आमच्या घरात लिहायला शिकलेली मी पहिली, म्हणून हे मृत्युपत्र माझ्याच हाताने लिहिते. कागद सरकारी आहे, पण फुकट गेलेल्या चेहरेपट्टीची मागची बाजू आहे. बदल्यात कोरा ठेवला आहे.

१. अब्बा, इल्यास आणि बाळ यांचा हिस्सा धर्माने ठरवला आहे. त्यात मी हात घालत नाही. मात्र मुलगी झाल्यास तिला अक्षरे शिकवावीत. ही विनंती आहे, मालमत्ता नव्हे.

२. दौत आणि बोरू लष्करी दप्तरातल्या जहीर मुन्शींना परत. त्यांचेच होते, त्यांनी कधी मागितले नाहीत.

३. लाल ओढणी शेजारच्या खैरून खालांना. लिहिणाऱ्या बाईचे मूल तिरळे होते, असे त्या म्हणाल्या होत्या. मूल सरळ डोळ्यांचे निघाले तर ती त्यांनी रोज घ्यावी.

४. मुन्शींची नजर अधू झाल्यापासून लष्कराच्या चेहरेपट्ट्या जाळीआडून मी लिहिते. सुलतानांचा नियम असा की प्रत्येक स्वाराचा चेहरा कागदावर आणि प्रत्येक घोड्यावर डाग हवा. म्हणजे हजेरीला कुणी बदली माणूस किंवा उसना घोडा उभा करणार नाही. दोन वर्षांपूर्वी बदाऊंचा मुबारिज समोर बसला. त्याच्या भुवईवरचा व्रण माझ्या डाव्या हाताला दिसला, मी ‘डावी’ लिहिले. हजेरीत तो तोतया ठरला, नाव कापले गेले. आता तो सराईमध्ये उतरलेल्या प्रवाशांच्या घोड्यांना खरारा करतो. भीतीपोटी मी गप्प राहिले. माझ्या मृत्यूनंतर हे दिवाणांना कळवावे.

५. चौथे कलम रद्द. साक्षीला मुन्शींबरोबर मी मुद्दाम मुबारिजलाच बोलावले आणि परवा सर्व वाचून दाखवले. तो म्हणाला, “पोरी, दोन वर्षं मी पाण्यात तोंड बघतोय. मला वाटायला लागलं होतं, मी खरंच दुसराच कुणीतरी असेन.”

मुन्शी म्हणाले, “मेल्यावर कशाला कळवायचं? पट्टीवर सही माझी आहे. उद्या हजेरी आहे, मी जातो.”

त्यांची जागा जाईल म्हणून मी रडले. “नजर गेलीच आहे बेटा, गादी घेऊन काय करू?” ते म्हणाले.

मग मुबारिजला शेजारी, मी बघते त्याच दिशेला तोंड करून बसवले आणि नवी पट्टी लिहिली.

काल त्याचे नाव पुन्हा चढले. त्याच्या घोड्याला अब्बांनीच डाग दिला. मुन्शींना घरी बसवले आहे. ते ऊन खात बसतात आणि खूश दिसतात. मीही आता निश्चिंत आहे.

सीरी, दिल्ली. सफर महिन्याचा अकरावा दिवस, हिजरी ७१२.

सही: माहरू

साक्षीदार:
जहीर मुन्शी. दाढी पांढरी, नजर अधू, सही अंदाजाने.
मुबारिज, सुलतानी स्वार. रंग गव्हाळ, व्रण उजव्या भुवईवर. त्याच्या उजव्या.